डिझेल गाडी घ्यायची? आधी खरं अ‍ॅव्हरेज काढा, मग हप्ता ठरवा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डिझेल गाडीचा हिशेब फळ्यावर मांडला. ज्यांना तोच हिशेब सावकाश, स्वतःचे आकडे घालून करायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेखी पाठ. वही-पेन घेऊन बसा.

धंदा दोन-तीन वर्षं चालला, हातात थोडा पैसा खेळायला लागला, की अंजनगाव असो, दर्यापूर असो की अकोट, प्रश्न एकच येतो: "भाऊ, आता मोठी गाडी घ्यावी म्हणतो. डिझेलच घेऊ ना? अ‍ॅव्हरेज जास्त देते." प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा: "डिझेलसाठी मी जे जास्तीचे पैसे मोजणार, ते माझ्या धावण्यातून परत येतात का?" हे जास्तीचे पैसे दीड-दोन लाखांच्या घरात जातात. छोट्या दुकानात तेवढ्यात लग्नसराईचा माल भरता येतो. म्हणून हा विषय गाडीचा कमी आणि भांडवलाचा जास्त आहे.

१. कंपनीचा आकडा येतो कुठून?

जाहिरातीत "२१.८ किमी प्रति लिटर" असं छापलेलं असतं. आपण त्याला एआरएआयचं अ‍ॅव्हरेज म्हणतो. एआरएआय ही पुण्यातली १९६६ साली स्थापन झालेली वाहन-संशोधन संस्था. तिथल्या चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही, रोलरवर धावते. ठरलेल्या पद्धतीनं वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळी चाचणी साधारण वीस मिनिटांची, अंतर ११ किलोमीटरपेक्षाही कमी, सरासरी वेग ताशी ३२-३३ किमी आणि जास्तीत जास्त वेग ९०. एसी बंद.

आता सांगा, मे महिन्यात ४५ डिग्रीत एसी बंद ठेवून अमरावतीला कोण जातं? म्हणजे आकडा खोटा नाही, पण तो आपल्या परिस्थितीचा नाही. त्याचा खरा उपयोग एकच: सारख्याच चाचणीतून गेलेल्या दोन गाड्यांची तुलना करणे. या गाडीपेक्षा ती किती टक्के जास्त देते, एवढं त्यातून कळतं. आपल्या खिशातून किती जातील, ते कळत नाही.

जुने आकडे आठवून बघा. मारुती सियाझच्या डिझेलचा दावा २०१५ मध्ये २८.०९ चा होता. २०१४ ची होंडा सिटी डिझेल २६ सांगायची. स्कोडा ऑक्टाव्हिया २.० टीडीआय मॅन्युअल २०.६ आणि ऑटोमॅटिक १९.३. हे सगळे चाचणीतले आकडे. हिशेब सुरू करताना यातून पाचवा हिस्सा वजा करा आणि पुढे चला. गाडी हातात आली की स्वतःचा खरा आकडा काढा.

२. डिझेल जास्त का देतं?

तीन कारणं लक्षात ठेवा.

पहिलं, डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं. त्यामुळे एका लिटरमध्ये साधारण १० ते १२ टक्के जास्त ऊर्जा भरलेली असते.

दुसरं, डिझेल इंजिन हवा खूप जास्त दाबतं. पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहापट दाबली जाते, डिझेलमध्ये सोळापटीच्या आसपास. जास्त दाब म्हणजे त्याच जळणातून जास्त काम.

तिसरं, पेट्रोल इंजिनात हळू चालवताना हवेची वाट अर्धवट बंद असते आणि ती हवा ओढण्यातच इंजिनाची काही ताकद जाते. डिझेलमध्ये ही अडचण जवळपास नसते.

शिवाय पिकअप कमी फेऱ्यांवर मिळतो. ऑक्टाव्हियाचं दोन लिटरचं १४३ पीएस इंजिन ३२० न्यूटन-मीटरची ओढ १,७५० फेऱ्यांपासूनच देतं. चार माणसं आणि डिक्कीत माल घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढताना वारंवार गिअर उतरवावे लागत नाहीत, ते यामुळे.

पेट्रोलच्या बाजूनं एक गोष्ट अलीकडे बदलली आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. म्हणून पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं खाली येतं. जुन्या गाडीत हा फरक जास्त जाणवतो. तुमच्या मित्राचा पाच वर्षांपूर्वीचा पेट्रोल गाडीचा आकडा आज जसाच्या तसा धरू नका.

३. खरं अ‍ॅव्हरेज काढायची पद्धत: टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

डॅशबोर्डवरचा आकडा हा गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज असतो. पंपाची पावती म्हणजे तुमचे खरे पैसे. म्हणून पावतीवरून चला.

- टाकी फुल्ल करा. नोझल आपोआप बंद झालं की थांबा, वरून आणखी घालू नका.
- ट्रिप मीटर शून्य करा.
- नेहमीसारखी गाडी चालवा. किमान ४००-५०० किमी होऊ द्या.
- शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा आपोआप बंद होईपर्यंत भरा.
- धावलेले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर. झालं.

उदाहरण घ्या: ५९५ किमी धावली, ३४ लिटर बसलं. ५९५ ÷ ३४ = १७.५. हे तुमचं अ‍ॅव्हरेज. एकदा काढून थांबू नका. सलग तीन वेळा काढा आणि तिन्ही वेळचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर करा. वहीत पाच रकाने पाडा: तारीख, मीटर, लिटर, रुपये, कुठे गेलो. शेवटचा रकाना सोडू नका. गाडीचं किती धावणं धंद्याचं आणि किती घरचं, ते तोच रकाना सांगतो.

४. अ‍ॅव्हरेज खातं कोण?

वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० ऐवजी १०० नं गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. अमरावती–अकोला महामार्ग आठवा. जून २०२२ मध्ये याच रस्त्याचं ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला की पाय आपोआप दाबला जातो. वेळ दहा-पंधरा मिनिटं वाचते, पण तेल जास्त जातं. ते मान्य असेल तर जरूर जा, फक्त हिशेबात तो वेग धरा.

टायरची हवा. कमी हवा म्हणजे रस्त्यावर जास्त घासणं. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

उभं इंजिन. बाजारात एसी सुरू ठेवून गाडीत बसून फोनवर सौदा करणं म्हणजे शून्य किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज.

छोट्या फेऱ्या. घर ते दुकान दोन किलोमीटर, दुकान ते बँक एक. इंजिन गरम व्हायच्या आत बंद. डिझेलला हे अजिबात मानवत नाही. का, ते पुढे सातव्या मुद्द्यात.

५. आता मुख्य हिशेब

एकाच गाडीची दोन मॉडेलं घेऊ. ह्युंदाई क्रेटाचे १.५ लिटर मॅन्युअलचे चाचणीतले आकडे धरू: पेट्रोल १७.४, डिझेल २१.८. पाचवा हिस्सा वजा केला की साधारण १४ आणि १७.५. तेलाचे भाव समजा पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये. तुम्ही आजच्या तुमच्या पंपाचे भाव घाला.

- पेट्रोल: १०५ ÷ १४ = ७.५० रुपये प्रति किमी
- डिझेल: ९२ ÷ १७.५ = ५.२६ रुपये प्रति किमी
- बचत: २.२४ रुपये प्रति किमी

इथपर्यंत सगळेच करतात आणि इथेच थांबतात. खरा हिशेब यापुढे आहे.

समजा पेट्रोल मॉडेलची शोरूम किंमत १२ लाख आणि डिझेलची साडेतेरा लाख. फरक दीड लाख. पण आपल्या महाराष्ट्रात आरटीओचा एकरकमी कर डिझेलला जास्त आहे. वैयक्तिक नावावरच्या गाडीला १० लाखांपर्यंत पेट्रोलला ११ टक्के तर डिझेलला १३, १० ते २० लाखांत १२ आणि १४, त्यावर १३ आणि १५. म्हणजे इथे पेट्रोलचा कर १.४४ लाख, डिझेलचा १.८९ लाख. आणखी ४५ हजार. सुरुवातीचा एकूण फरक १,९५,०००.

हा फरकही कर्जावरच घेतला जातो. पाच वर्षं, १० टक्के व्याज धरलं तर लाखामागे साधारण साडेसत्तावीस हजार व्याज. १.९५ लाखांवर सुमारे ५३,५००. सर्व्हिसिंग डिझेलचं वर्षाला ४,००० जास्त धरा, पाच वर्षांचे २०,०००.

एकूण जास्तीचा खर्च: १,९५,००० + ५३,५०० + २०,००० = २,६८,५०० रुपये.

२,६८,५०० ÷ २.२४ = साधारण १,२०,००० किमी. पाच वर्षांत. म्हणजे वर्षाला २४,०००, महिन्याला २,०००.

हा आपला ना नफा ना तोटा बिंदू. अंजनगावहून अमरावती किंवा अकोला, जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर धरा. २,००० किमी म्हणजे महिन्याला तेरा फेऱ्या. आठवड्याला तीन, वर्षभर, न चुकता. तुमच्या होतात का?

दोन माणसं डोळ्यासमोर आणा. पहिला कापड दुकानदार, महिन्यातून तीन-चारदा बिझिलँड-सिटीलँडला माल बघायला जातो. धावणं महिन्याला ७०० किमी. पाच वर्षांत ४२,००० किमी, बचत ९४,०००. खर्च केले २,६८,५००. तोटा सुमारे पावणेदोन लाख.

दुसरा संत्र्याचे आणि पानपिंपरीचे सौदे करणारा. आज परतवाडा, उद्या वरुड, परवा नागपूर. महिन्याला ३,००० किमी. पाच वर्षांत १,८०,००० किमी, बचत ४,०३,२००. खर्च वजा जाता १ लाख ३५ हजार हातात. या माणसानं डिझेल घेतलंच पाहिजे.

गाडी तीच, भाव तेच. फरक फक्त धावण्याचा.

"पण डिझेलला विकताना भाव जास्त येतो ना?" येऊ शकतो. समजा पाच वर्षांनी ५० हजार जास्त आले. मग बिंदू महिन्याला सुमारे १,६०० किमीवर येतो. उलट, डिझेल पाच रुपयांनी महागलं आणि पेट्रोल तिथेच राहिलं, तर तो सुमारे २,३०० वर जातो. म्हणून हिशेब तीन वेळा करा: आजच्या भावानं, चांगल्या दिवसांचा आणि वाईट दिवसांचा. तिन्हीत डिझेल जिंकत असेल तर बिनधास्त घ्या.

६. काकांचा सल्ला आज का चालत नाही?

घरातले मोठे सांगतात, "डिझेलच घे, स्वस्त पडतं." त्यांच्या काळात ते खरंच होतं. २०१२ च्या आसपास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं, कारण डिझेलचा भाव सरकार धरून ठेवत होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले आणि अंतर आटत गेलं.

दुसरा धक्का २०१५ चा. फोक्सवॅगननं डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केल्याचं अमेरिकेत उघड झालं. चाचणीत गाडी स्वच्छ, रस्त्यावर धूर मर्यादेच्या कितीतरी पट. रस्त्यावर धावत्या गाडीचं मोजमाप घेतल्यामुळे ते सापडलं. भारतातही कंपनीनं त्या वर्षी ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. बघा, चाचणीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा हा प्रश्न आपल्या वहीपुरता नाही, जगभराचा आहे.

त्यानंतर नियम कडक झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. मारुतीनं डिझेल बंद केलं, स्कोडा-फोक्सवॅगननंही भारतात डिझेल थांबवलं. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराचीही चाचणी सुरू झाली. होंडा सिटी आणि ह्युंदाई व्हर्नाचं डिझेल त्याच वर्षी गेलं. आज मर्सिडीज-बीएमडब्ल्यूसारख्या महागड्या गाड्या सोडल्या तर नवीन डिझेल सेडान मिळत नाही. डिझेल उरलं ते एसयूव्हीत आणि इनोव्हा क्रिस्टासारख्या गाड्यांत.

७. बीएस-६ डिझेलचे दोन नवे पाहुणे

एक डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारी जाळी. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडकते आणि धूर खूप गरम झाला की ती जाळून टाकली जाते. त्यासाठी गाडी अधूनमधून ६०-७० च्या वेगानं वीसेक मिनिटं सलग धावायला हवी. दर्यापूर रोडला गेलात की काम होतं. पण गाडी फक्त गावात फिरत असेल तर जाळी तुंबते, लाल-पिवळे दिवे लागतात आणि बिल मोठं येतं. दिवा लागला की दुर्लक्ष करू नका, गाडी मोकळ्या रस्त्यावर काढा आणि तरीही गेला नाही तर वर्कशॉप गाठा.

दुसरा पाहुणा युरियाचं द्रावण, ज्याला पंपावर डीईएफ किंवा अ‍ॅडब्लू म्हणतात. सगळ्या डिझेल गाड्यांत नसतं. ज्या गाडीत आहे तिथे ते वेगळ्या टाकीत भरावं लागतं आणि पूर्ण संपलं तर गाडी पुन्हा सुरू होत नाही. खरेदीआधी विचारा आणि वहीत त्याचाही खर्च लिहा.

८. सेकंडहँड साहेबी गाडी

नवीन मिळत नाही म्हणून जुन्या ऑक्टाव्हिया, लॉरा, सुपर्बवर पुष्कळांचा डोळा असतो. या गाड्या आपल्याच छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेल्या. हायवेला बसक्या, दमदार, ऑक्टाव्हियाची डिक्की ५९० लिटरची. किंमत छोट्या नव्या गाडीएवढी. मोह होणारच. पण गाडी जुनी झाली तरी सुटे भाग जुन्या भावात मिळत नाहीत. घेताना एवढं बघा:

- सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण आहे का. मीटर आणि रेकॉर्ड जुळतं का.
- टायमिंग बेल्ट कधी बदलला. तो तुटला तर इंजिनच बसतं.
- ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं तेल ६०,००० किमीला बदललं का.
- क्लच, टर्बो, इंजेक्टर: जाणकार मिस्त्रीला घेऊन जा, त्याची मजुरी द्या.
- गाडी दिल्लीची आहे का. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे बंधनं आली आणि बऱ्याच गाड्या स्वस्तात बाहेर आल्या. महाराष्ट्रात तशी दहा वर्षांची अट नाही, पण एनओसी, इथला कर आणि नवा नंबर हा खर्च किमतीत मिळवा.

आणि खरेदीच्या दिवशीच दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवा. ती ठेवता येत नसेल, तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही.

९. फीचर्स: कामाची आणि दिखाव्याची

दोन रकाने करा. कामाची: सहा एअरबॅग, घसरण रोखणारी ईएससी यंत्रणा, जोरदार एसी आणि मागचे व्हेंट, मोठी डिक्की, लांब पल्ल्यासाठी क्रूझ कंट्रोल, खड्ड्यांसाठी पुरेशी जमिनीपासूनची उंची. उन्हाळ्यात रोज तीन-चार तास गाडीत असाल तर थंड हवा देणारी सीटही कामाचीच. दिखाव्याची: सनरूफ. वऱ्हाडच्या उन्हात वर्षातले किती दिवस उघडणार? मोठमोठे अलॉय, रंगीत दिवे, आवाजावर उघडणारं सगळं काही. वरच्या मॉडेलचे पैसे यासाठीच जातात. फीचरपुढे एक प्रश्न लिहा: यामुळे माझा वेळ, जीव किंवा माल वाचतो का?

१०. "गाडी धंद्यात दाखवतो, टॅक्स वाचेल"

हे वाक्य फार ऐकू येतं, म्हणून नीट वाचा.

जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना (पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे साध्या दुकानदाराला प्रवासी कारवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. गाड्या विकण्याचा, प्रवासी वाहतुकीचा किंवा ड्रायव्हिंग शिकवण्याचा धंदा असेल तरच मिळतं. पेट्रोल-डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच आहे.

इन्कम टॅक्स: कारवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, तोही धंद्याच्या वापरापुरता. आणि तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीनं रिटर्न भरत असाल, तर घसारा आणि तेलखर्च वेगळा वजा होत नाही. म्हणजे आपल्यातल्या बहुतेक छोट्या दुकानदारांना ही "बचत" नसतेच. सीएंना विचारा, शोरूमच्या सेल्समनला नाही.

गृहपाठ

१. पुढचे तीन महिने आहे त्या गाडीवर, बाईक असली तरी चालेल, पाच रकान्यांची वही ठेवा.
२. महिन्याचं धंद्याचं आणि घरचं धावणं वेगळं काढा.
३. मनातल्या गाडीचं पेट्रोल आणि डिझेल कोटेशन ऑन-रोड मागवा. फरक काढा, व्याज आणि सर्व्हिसिंग मिळवा, प्रति किमी बचतीनं भागा.
४. उत्तर तुमच्या धावण्यापेक्षा जास्त आलं तर पेट्रोल. कमी आलं तर डिझेल. अगदी जवळ आलं तर घाई करू नका, आणखी तीन महिने वही ठेवा.

शकुंतला बंद पडल्यापासून आपल्या भागात धंद्याचं प्रत्येक काम रस्त्यानंच होतं. गाडी लागणारच, त्यात चैन काही नाही. फक्त ती धंद्याच्या पैशातून येते, म्हणून धंद्याला तिचा हिशेब द्या. तुमचा महिन्याचा किलोमीटरचा आकडा आणि आलेलं उत्तर व्हिडिओखाली लिहा, निवडक हिशेब पुढच्या भागात फळ्यावर सोडवू. पुढचा पाठ: मालासाठी स्वतःची छोटी टेम्पो गाडी घ्यावी की भाड्यानं लावावी. तोपर्यंत वही सुरू करा!